आधी न्हाणी

गेल्या हिवाळ्यात सेमिस्टरची परीक्षा संपवून मी बिदरहून घरी, राजेश्वरला आले, तेव्हा अप्पांनी बाजेवर टाइल्सचे तीन तुकडे मांडून ठेवले होते. भिशी उठली होती. आमच्या घरात बरीच वर्षं प्रत्येक गोष्टीला "भिशी उठली की बघू" हे एकच उत्तर होतं, आणि आता ती खरंच उठली होती. त्या पैशात एक काम होणार होतं, दोन नाही.

"बग बाई," अप्पा म्हणाले, "तू शिकलेली हाईस. रंग तू सांग."

एक तुकडा साधा सायीच्या रंगाचा होता. एकावर हिरव्या रेघा होत्या. तिसऱ्यावर द्राक्षांचा घड, किटली आणि वाफ निघणारा कप होता.

"कशाला लावायच्यात?" मी विचारलं.

"कशाला म्हंजे? किचनला."

किचन हा शब्द आमच्या घरात फक्त अप्पा वापरतात. ते हुमनाबादच्या एमआयडीसीसारख्या भागात, एका कारखान्यात कामाला आहेत. तिथून येताना ते असे शब्द घेऊन येतात. माय आणि मी सैपाकघर म्हणतो.

मला काहीतरी बोलायचं होतं. पण अप्पांचा चेहरा इतका खूश होता की मी द्राक्षांवर बोट ठेवलं आणि "हे" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी अप्पा त्याच टाइल्सची खोकी टेंपोत घालून घेऊन आले. मी गप्प राहिले त्याचा असा उपयोग झाला.

आमच्या घरी तेव्हा काय होतं ते आधी सांगते. कॉलेजात माझं सगळं कन्नडात आणि इंग्रजीत चालतं, पण हे सांगायला मला मराठीच लागते.

सैपाकघर म्हणजे घराला मागून जोडलेली पत्र्याची खोली. एका कोपऱ्यात चूल, शेजारी दगडावर गॅस. चहा आणि वरण गॅसवर, भाकरी चुलीवरच. भिंती धुरानं इतक्या काळ्या की बोट लावलं तर बोट चिकटतं. माय खाली बसून सैपाक करते. तिचा उजवा गुडघा गेला आहे. डॉक्टरांनी मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही असं सांगितलं आहे. म्हणून ती एक पाय सरळ पुढं पसरून बसते आणि तशी भाकरी थापते.

न्हाणी म्हणजे मागच्या अंगणाच्या कोपऱ्यात उभ्या केलेल्या तीन शहाबादी फरश्या. आमच्याकडं ही फरशी जवळच निघते, त्यामुळं ओट्यापासून कबरीपर्यंत सगळीकडं तीच. चौथ्या बाजूला जुन्या साडीचा पडदा, खाली बसायला एक फरशी, आणि वर आभाळ. पुढच्या अंगणात सरकारी योजनेतला संडास आहे, पण त्यात बादली ठेवली तर माणूस मावत नाही. आंघोळ त्या तीन फरश्यांतच. पुरुष पुढं टाकीजवळ, लुंगी नेसून, सगळ्यांसमोर न्हातात. त्यांचा काही प्रश्न नाही.

आमच्या गावात बायका बसून न्हातात. म्हणून न्हाणीची भिंत बसलेल्या बाईचं डोकं झाकेल एवढीच असते. बसायचं, न्हायचं, आणि मग तसंच वाकून कपडे घालायचे. परकर दातात धरायचा, ओलं सोडायचं, कोरडं ओढायचं. मी चौथीत असल्यापासून तसंच करत आले. त्यात काही अवघड आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

अवघड झालं ते रस्त्यामुळं. फरश्यांच्या पलीकडून शेताकडं जायची गल्ली आहे. तिथं अधूनमधून सिमेंटचा रस्ता होतो. जुना रस्ता कुणी उकरत नाही, त्याच्यावरच नवा ओततात. प्रत्येक वेळी रस्ता वीतभर वर येतो. आमचं अंगण आहे तिथंच राहतं. लहानपणी त्या गल्लीतून जाणाऱ्या माणसाची फक्त टोपी दिसायची. नंतर तोंड दिसायला लागलं. आता खांदे दिसतात. आणि ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला आमचं अंगण ताटासारखं दिसतं.

माय फक्त लवकर उठायला लागली. रस्ता एकदा वाढला की तिची आंघोळ थोडी अलीकडं सरकायची. मी कॉलेजला गेले तेव्हा ती पूर्ण अंधारात न्हात होती, थंडीत सुद्धा.

मी बिदरला नौबादच्या होस्टेलात राहते. तिथं न्हाणीघराला दार आहे, दाराला आतून कडी आहे. पहिल्या आठवड्यात माझ्या खोलीतल्या मुलीनं बाहेरून दार वाजवलं आणि विचारलं, "आत एवढा वेळ काय करतेस?" मी परकर दातात धरून, कंबरेत वाकून उभी होते. चारी बाजूंना छतापर्यंत भिंत होती. कडी लावलेली होती. आणि मी वाकलेली होते. मी तोंडातला परकर काढला आणि हळूहळू सरळ झाले. पाठीत एक कळ आली. मला कुणाचा राग आला होता ते तेव्हा कळलं नाही. पण राग आला होता, आणि तो गेला नाही.

म्हणून टाइल्स आल्या त्या संध्याकाळी, जेवणं झाल्यावर, मी बोलले. अप्पा होते, माय होती, आणि आत्या होती. आत्या अप्पांची थोरली बहीण. तिचं सासर गावातच, दोन घरं सोडून. घरी ती झोपायलाच जाते.

"अप्पा," मी म्हणाले, "किचनच्या ऐवजी... म्हणजे आधी... न्हाणी बांधली तर?"

अप्पांना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. "काय बांधली तर?"

"न्हाणी. दाराची."

आत्या खो खो हसली. "न्हानीत काय पाव्हणे बसवायचेत का गं? या, बसा, पाट घ्या, तांब्या घ्या!"

"तसं न्हाई आत्या—"

"बिदरला जाऊन पोरगी लईच पांढरी व्हायलीय. साबन कुटला लावायलीस?"

अप्पा हसले नाहीत. ते मला समजावायला लागले, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, तेच तर अवघड होतं. "हे बग. ओटा झाला की तुजी माय उभी राहून सैपाक करंल. गुडघा वाचंल का न्हाई? न्हानीत दहा मिन्टं. चुलीपाशी अख्खा दिवस." मग ते जरा थांबले. "आन् दुसरं. कारखान्यातल्या लोकांच्या डब्यातलं मी किती वर्षं खायलोय. ते म्हनत्यात, येऊ की एकदा घरी. मी म्हनतो, या. आले तर कुटं बसवू? त्या काळ्या भिंतीपाशी? माज्या बापाला या गावात पानी वरून वतायचे. माज्या घरात चार लोकं येऊन बसावीत, जेवावीत, एवढंच हाय."

आजोबांचं ते पाणी आमच्या घरात कुणीच विसरलेलं नाही. मी मायकडं पाहिलं. मला वाटलं ती काही बोलेल.

माय ताटं गोळा करत होती. "किचनच बरं हाय," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती किचन म्हणाली.

आत्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "झालं? आता झोप."

दुसऱ्या दिवशी अंगणात माय तुरी पाखडत होती. मी शेजारी बसले. मी काही विचारायच्या आधीच ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "चारचौघांत कामून बोललीस?"

"मग कुठं बोलायचं?"

"न्हानीचं बोलायचं असतं का? तुजा बाप, आक्का, सगळे बसलेले. आता सगळ्यांच्या डोस्क्यात काय येत आसंल? मी न्हाताना कशी दिसते तेच की."

असं मला सुचलंच नव्हतं. मी म्हणाले, "माय, मी तुझ्यासाठी बोलले."

"माज्यासाठी बोललीस, आन् लाज मला वाटली." तिनं सूप जोरात झटकलं. तुरीचा भुगा आमच्या दोघींच्या पायांवर बसत होता. शेवटी तिनं जे सांगितलं ते हळू आवाजात, सुपाकडं बघत सांगितलं.

पोळ्याच्या सुमारास एकदा नळाला पाणी उशिरा आलं. उजाडलं होतं. माय न्हायला बसली. आता तिला बसता येत नाही, म्हणून ती फरशीवर एक हात टेकून, गुडघा न वाकवता, अर्धी वाकून न्हाते. ट्रॅक्टरचा आवाज आला. तिनं वाट पाहिली. ट्रॅक्टर गेला नाही. फरश्यांपाशी येऊन त्यानं वेग कमी केला. मागं ट्रॉलीत पोरं होती. माय तशीच वाकून, अंगावर ओलं पातळ धरून थांबली. कुणीतरी हसलं. मग ट्रॅक्टर गेला.

"कोन होतं?"

"बगायला मान वर केली आसती तर अजून दिसलं आसतं."

"अप्पांना सांगितलंस?"

"काय सांगू? भांडायला जातील. कुनाला धरतील? आन् मग गावभर व्हईल, की हिच्या न्हानीवरून भांडन झालं." तिनं सूप खाली ठेवलं. "किचन मागितलं तर कुनी हसत न्हाई."

मी तिला म्हणाले की तू बोलल्याशिवाय मी एकटी अप्पांना हरवू शकत नाही. ती म्हणाली, "बघू." माझ्या मायचं 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा 'नाही' असतं.

तरी मी प्रयत्न केला. ट्रॅक्टरचं सांगायचं नाही असं तिनं बजावलं होतं. त्यामुळं माझ्याकडं सांगण्यासारखं थोडंच उरलं होतं. अप्पा मोटारसायकल पुसत होते तिथं मी गेले. मी रस्ता किती वर आलाय ते सांगितलं. ते म्हणाले, "मग पडदा वर बांधू." मी म्हणाले पडदा एकाच बाजूला आहे. ते म्हणाले, "मग तिन्ही बाजूला बांधू, त्यात काय." मी होस्टेलच्या कडीचं सांगायला लागले आणि माझे शब्द अडखळले. वडिलांसमोर आंघोळीचं किती सांगणार?

आणि मग मी ते बोलले जे बोलायचं ठरवलं नव्हतं.

"अप्पा, ज्यांना आपल्या घरी जेवायचं न्हाई ते टाइल्स बघून जेवायला येणार न्हाईत. आणि ज्यांना यायचंय ते काळ्या भिंतीपाशी पण बसतील. तुमचे लोक आजपर्यंत भिंतीमुळं आले नाहीत का?"

अप्पांचा हात थांबला. त्यांनी फडकं पिळलं, टाकीवर वाळत घातलं. "सोमवारी मिस्त्री यायलाय," ते म्हणाले. "सैपाकघर रिकामं करा."

त्यांना लागलं होतं. मला ते दिसत होतं. तरीही मी जे बोलले ते मला आजही खोटं वाटत नाही, आणि त्यासाठी मी माफी मागितली नाही.

सोमवारी मिस्त्री चाचा आले. गावातली निम्मी घरं त्यांनी बांधलीत. पांढरी दाढी, डोक्यावर टॉवेल, बरोबर पहार आणि घमेली. ते सैपाकघराच्या दारात आले, आत डोकावले आणि तिथंच थांबले.

"चूल काढली न्हाई?"

"काढत्यात की," अप्पा म्हणाले. "तुमी वरचे पत्रे काडायला लागा."

"नक्को. पहिले चूल. घरच्या बाईनं आपल्या हातानं काढायची, भांडी काढायची, मग मी हात लावतो. पेटत्या चुलीवर मैं पहार न्हाई चालवत. माझ्या बापानं न्हाई चालवली, त्याच्या उस्तादानं न्हाई चालवली."

आत माय एक पाय पसरून भाकरी थापत होती. चूल धडधडत होती.

"अगं, ऐकायलीस का? काढ की चूल."

"भाकरी व्हायलीय."

"भाकरी झाल्यावर काढ."

"भाकरी झाल्यावर वरण हाय."

"वरण झाल्यावर?"

"मिस्त्रींना चहा न्हाई पाजायचा का?"

अप्पांनी मिस्त्रींकडं बघून हसायचा प्रयत्न केला. मिस्त्री चाचा ओसरीवर बसले. चहा आला. तो संपला. भाकरी थापायचा आवाज चालूच होता. आमच्या घरी एवढ्या भाकरी कधी होत नाहीत. दुरडी भरली तशी मायनं दुसरी दुरडी घेतली. मी दारात उभी होते, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती काय करते आहे. तिनं मला आधी एका शब्दानंही सांगितलं नव्हतं. मी आत गेले, परातीपाशी बसले आणि पीठ मळायला लागले. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, फक्त पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला.

आत्या आली. "काय लग्न हाय का घरात? एवढ्या भाकरी कुनाला?" मग तिला सगळं कळलं. तिनं पदर खोचला. "सर गं. मी काडते चूल."

"आक्का," मिस्त्री चाचा ओसरीवरून म्हणाले, "तुम्ही तुमच्या घरची काढा. मग येतो मैं, तुमचं घर पाडतो."

आत्यासुद्धा हसली. अप्पा मात्र चिडले. "अवो चाचा, आमी असलं काई मानत न्हाई. आमच्यात चुलीची पूजा न्हाई, काई न्हाई. आमी ते सगळं कवाच सोडलंय."

"हौ, तुम्ही नका मानू. मी मानतो. पहार माझी हाय ना?"

अप्पा सैपाकघराच्या दारात आले. काळ्या चौकटीला हात लावून उभे राहिले आणि मायला म्हणाले, "तुला पायजे तरी काय?"

मायनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला. मग म्हणाली, "मला उजेडात न्हायचंय."

आत्यानं खोचलेला पदर सोडला.

"भिंत माज्या डोस्क्याच्या वर जाऊ द्या. दार लागू द्या. मग मी माज्या हातानं चूल काडीन, तुमी म्हनाल तवा, पुढच्या भिशीला, त्याच्या पुढच्या भिशीला. तवर मी हितंच बसून सैपाक करीन. हा पाय असाच सरळ ठिवीन. सैपाक करताना कुनी बगितलं तर मला काई वाटत न्हाई. बगू देत."

ती हे मोठ्या आवाजात बोलली. ओसरीवर मिस्त्री चाचा होते, अंगणात आत्या होती, गल्लीतून दोघं चालले होते. ज्या गोष्टीची चारचौघांत लाज वाटली म्हणून तिनं मला रागावलं होतं, ती तिनं स्वतः चारचौघांत म्हटली.

अप्पांनी चौकटीवरचा हात काढला. हाताला काजळी लागली होती. "बांदा बाबा," ते मिस्त्रींना म्हणाले, "न्हानी बांदा. महाल बांदा तिथं." आणि मोटारसायकल काढून निघून गेले. ते राजी झाले होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्यापुढं दुसरा रस्ता राहिला नव्हता एवढंच.

मिस्त्री चाचांनी मात्र पहार उचलली, मागच्या अंगणात आले, आणि एकेक फरशी हलवून काढली. पाया झाला, सिमेंटच्या विटा आल्या, भिंत चढायला लागली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी पाहिलं तर त्यांनी भिंतीच्या उंचीची दोरी छातीच्या वर जरा ताणली होती.

"चाचा, भिंत किती न्यायची?"

"इतकीच. बायका बसून न्हातात. साऱ्या गावात मैं एवढीच बांधतो. वरनं हवा खेळते, बू न्हाई राहत."

अप्पा तिथं उभे होते. त्या दिवशी ते घरीच होते. मी म्हणाले, "इथं उभं राहून न्हायचंय."

"उभं राहून कोन न्हातं?" अप्पा म्हणाले.

"मी न्हाते," मी म्हणाले.

अप्पांनी दुसरीकडं पाहिलं. पण मी तिथून हलले नाही. मी मायला हाक मारली, तिला कोपऱ्यात उभ्या केलेल्या खांबाला पाठ लावून उभं केलं आणि म्हणाले हात वर कर, डोक्यावरून पाणी घेताना करतेस तसा. माय लाजली, मग तिनं हात वर केला. मिस्त्री चाचांनी तिच्या बोटांच्या टोकापाशी खांबावर खिळ्यानं रेघ ओढली.

"आणि रस्ता?" मी म्हणाले.

"रस्त्याचं काय?"

"तो अजून वर येईल ना."

मिस्त्री चाचा रस्त्याकडं बघून हसायला लागले. "हौ बा. इलेक्शन आलं की येईलच." आणि त्यांनी रेघेच्या वर अजून दोन थर चढवायचं ठरवलं, त्यावर पत्रा. हवेला वरती जाळी.

सुतारानं दार बसवलं तेव्हा कडी बाहेरून लावली होती, कुत्री शिरू नयेत म्हणून. आतून काहीच नव्हतं. मी त्याला परत बोलावलं. तो म्हणाला, "आतून कशाला? घरातलीच मान्सं." मी म्हणाले आतून पाहिजे. तो अप्पांकडं बघायला लागला. अप्पा म्हणाले, "ती म्हनायलीय तसं लाव." त्या आठवड्यात त्यांनी माझ्या बाजूनं म्हटलेलं हे एकच वाक्य.

टाइल्स आणलेल्याच होत्या, दुकानदार परत घेईना. म्हणून त्याच लावल्या. आमच्या न्हाणीत आता कमरेएवढ्या उंचीवर द्राक्षांचे घड आहेत, किटल्या आहेत आणि वाफाळणारे कप आहेत. आत्या रोज एकदा दार उघडून बघायची आणि ओरडायची, "वैनीबाई, च्या झाला का गं? दोन कप आन!" हसली तरी ती आत गेली, कडी लावून बघितली, काढली, परत लावली. मी ऐकत होते. बरीच मिनिटं ती बाहेर आली नाही.

पण माय अंधारातच न्हायची. न्हाणी तयार होऊन कितीतरी दिवस झाले, तरी पहाटे मला बादलीचा आवाज यायचा. डोक्याच्या वर भिंत होती, दाराला कडी होती, आणि ती तशीच कोंबडा आरवायच्या आधी उठत होती. मी काही बोलले नाही. होस्टेलात मलाही किती दिवस लागले होते. पण मला भीती वाटायला लागली होती, की आम्ही अप्पांना दुखावलं, मिस्त्रींना अडवलं, गावाला हसायला दिलं, आणि माय शेवटपर्यंत अंधारातच न्हाईल.

माझी सुट्टी संपली. निघायच्या दिवशी मी बॅग भरून अंगणात ठेवली. हुमनाबादची बस पकडायची, तिथून बिदरची. अप्पा मला स्टँडवर सोडणार होते. ऊन चांगलंच वर आलं होतं. गल्लीतून लोक शेताकडं जात होते.

माय सैपाकघरातून बाहेर आली. तिच्या खांद्यावर टॉवेल होता, हातात घडी घातलेलं पातळ.

"मी येते स्टँडपर्यंत," ती म्हणाली. "अंगोळ करून."

"आत्ता?" अप्पा म्हणाले. "पहाटे न्हाई केलीस?"

"न्हाई केली."

ती अंगण ओलांडून गेली. दार लागलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग पाणी पडायला लागलं.

अप्पांनी मोटारसायकल चालू केली. जरा वाट बघितली. हॉर्न वाजवला. "अगं, बस जाईल!"

"जाऊ द्या!" आतून आवाज आला. पत्र्याखाली तो आवाज मोठा होऊन बाहेर येत होता, गल्लीत पार ऐकू जात होता. "मी न्हायलेय अजून!"

गल्लीतला एक माणूस मान वळवून बघायला लागला. त्याला सिमेंटची भिंत दिसली असेल. अप्पांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो पुढं चालायला लागला. मग त्यांनी मोटारसायकल बंद केली, जागेवर उभी केली आणि माझ्या शेजारी ओसरीवर येऊन बसले.

"किती वेळ लागतो गं उभं राहून?" त्यांनी विचारलं.

"माहीत न्हाई," मी म्हणाले. "ती पहिल्यांदाच करतेय."

हायवेकडून बसचा हॉर्न आला, आणि बस निघून गेली. आत पाणी पडतच होतं.